डेकमधून निघालेले १७ रुपये

प्रिय पश्या,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज ऐकला, साडेचार मिनिटांचा, त्यातली निम्मी मिनिटं तू द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकला शिव्या घालतोयस आणि उरलेल्यात एवढंच की स्विफ्टमध्ये ब्लूटूथ नाही, दुकानदार नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन आठ हजारात बसवून देतो म्हणतोय, घेऊ का. थांब जरा. लगेच पैसे देऊ नकोस. मी या भानगडीत गेलं दीड वर्ष आहे आणि तुझ्या आठ हजारांपेक्षा जास्त घालवून बसलोय, तेव्हा फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं लिहूनच काढू, नाहीतर तू मधेमधे "हां हां" करतोस आणि ऐकत काहीच नाहीस.

आमची अल्टो तुला माहितीच आहे. २००८ ची, बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. २०२३ ला तिला १५ वर्षं झाली तेव्हा घरात मोठी चर्चा झाली, विकायची की पासिंग करायचं. रजिस्ट्रेशन पुढे वाढवायची फी आधी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालीय, वर पर्यावरण कर वेगळा. विकायला गेलो तर एजंट देत होता त्यात धड स्कूटर आली नसती. मग केलं पासिंग, आणखी पाच वर्षं मिळाली, आणि मग माझ्या डोक्यात किडा वळवळला की आता पाच वर्षं हीच चालवायची तर निदान फोन तरी जोडला गेला पाहिजे. कारण आमच्या गाडीतला डेक सीडीवाला, आणि सीडी शेवटची कधी वाजली ते कुणालाच आठवत नाही.

पहिला प्रयोग अर्थातच सगळ्यात स्वस्तातला. तपकीर गल्लीतून ४५० रुपयांचा एफएम ट्रान्समीटर आणला, तो लायटरच्या भोकात घालायचा, फोन त्याला ब्लूटूथने जोडायचा आणि तो फोनमधलं गाणं एका एफएम नंबरवर सोडतो, तोच नंबर रेडिओवर लावायचा. कोथरूडमध्ये मस्त चाललं. कोल्हापूरला निघालो तर खंबाटकी उतरेपर्यंत दोनदा नंबर बदलावा लागला, कारण तुझा तो चिमुकला ट्रान्समीटर आणि खरं स्टेशन एकाच नंबरवर आलं की खरं स्टेशन त्याला खाऊन टाकतं. आई डोळे मिटून अभंग ऐकत होती आणि मधेच एकदम ठिबक सिंचनाची जाहिरात. तिला वाटलं मीच मुद्दाम बदललं.

दुसरा प्रयोग ऑक्सवाला. डेकला पुढे ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज वायरने आत घ्यायचं भोक होतं, त्यात घालायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, ३५० ला घेतला. आवाज एफएमपेक्षा दहापट स्वच्छ. पण गाडी चालू केली की गाण्यामागे एक बारीक शिट्टी, ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. आठवडाभर वाटत होतं स्पीकर गेले. स्पीकर कसले जातायत, तो आवाज आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा! रिसीव्हरला करंट लायटरमधून आणि डेकला त्याच्या स्वतःच्या वायरमधून, दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने बॉडीला गेलेली आणि ऑक्सची वायर दोघांना जोडणार, त्यामुळे आल्टरनेटरचा कचरा त्या वायरमधून थेट स्पीकरमध्ये. खात्री करायची तर सोपं आहे, रिसीव्हरचं चार्जिंग काढ आणि त्याच्या आतल्या बॅटरीवर वाजव, शिट्टी गेली की समज हेच कारण. मग ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची एक डबी मिळते, ती ऑक्सच्या वायरमध्ये मधे घातली आणि शिट्टी बंद.

खरं सांगू का, इथेच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. गाणी वाजत होती. पण फोन आला की आवाज गाडीत यायचा आणि माझं बोलणं पलीकडे जायचं नाही, कारण माझ्या त्या रिसीव्हरला माइकच नव्हता. आणि दुसरं म्हणजे मेहुण्याने त्याच्या गाडीत मोठी स्क्रीन बसवली होती, रिव्हर्स टाकला की मागचं दिसतं वगैरे, मग आपल्याला काय, आपण पण.

आता नीट ऐक, कारण तू याच खड्ड्यात उतरायला निघालायस.

अल्टोला स्टिरिओची जागा सिंगल डिन, म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. डिन ही जर्मनीची मापं ठरवणारी संस्था, त्यांनी ठरवलेलं माप जगभर चालतं. डबल डिन म्हणजे रुंदी तीच, उंची दुप्पट, १००. आमच्याकडे ५० च असल्यामुळे दुकानदाराने सिंगल डिनच्या डब्यावर पुढे उभी राहणारी नऊ इंची स्क्रीन सुचवली. ७,५०० रुपये, बसवण्यासकट. दोन तासात बसवली. चकाचक. घरी आणली तर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "आवाज कमी करायचा गोल खटका कुठे गेला?" आणि दुसरा, "एसीचं वारं कुठे गेलं?" कारण मधली दोन भोकं त्या स्क्रीनने झाकली होती. एसी स्क्रीनची पाठ थंड करत होता आणि आम्ही घामाघूम.

बरं ते सोड. सेटिंगमध्ये अँड्रॉइड १३ लिहिलेलं, मी एक माहिती दाखवणारं ॲप टाकून बघितलं तर निघालं १०. रॅम २ जीबी. मॅप उघडला की गाणं अडखळणार, गाणं लावलं की मॅप मागे राहणार, वळण निघून गेल्यावर बाई सांगणार आता डावीकडे वळा. नेट तिला माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे शेवटी फोन लागतोच. ताम्हिणीत रेंज गेली की ती नऊ इंची स्क्रीन म्हणजे नऊ इंची आरसा.

आणि मग गणपतीला आम्ही रेल्वेने कोकणात गेलो, गाडी पाच दिवस सोसायटीत उभी. आलो, चावी फिरवली. टक टक टक टक. बॅटरी झोपली होती, आठ महिन्यांपूर्वीच घेतलेली, ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर करंट ३५ तास). धक्का मारून चालू केली, आठवड्याने परत तेच. दुकानदाराला फोन केला तर म्हणे बॅटरी खराब आली असेल साहेब. मी पण हट्टी, मल्टिमीटर काढला. बॅटरीची मायनस वायर सोडवली आणि ती वायर अन् बॅटरीचं टोक यांच्यामध्ये मीटर, दहा अँपिअरच्या रेंजवर. (असं करताना चावी चुकूनही फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो, कसं कळलं विचारू नकोस.) गाडी पूर्ण बंद, दारं बंद, आणि मीटरवर ०.३८ अँपिअर. आता हिशोब कर, चोवीस तासात नऊ एएचच्या वर गेले, ३५ ची बॅटरी चार दिवसही पुरायची नाही. बंद गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत असायला हवा.

स्क्रीनचा डबा बाहेर ओढला आणि कळलं. प्रत्येक स्टिरिओला दोन प्लसच्या वायरी असतात. पिवळी थेट बॅटरीची, तिच्यावर घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं जिवंत राहतात. लाल चावीवरची, चावी एका घरात फिरवली की तिच्यात करंट येतो आणि स्टिरिओ जागा होतो. काळी अर्थिंग. आमच्या दुकानदार भाऊसाहेबांनी लाल आणि पिवळी दोन्ही एकत्र पिळून बॅटरीच्या लाइनवर टाकल्या होत्या, वर दोन वेढे टेप. चावीची लाइन शोधायचा कंटाळा, दुसरं काय. म्हणजे स्क्रीन दिसायला काळी पण आतला कॉम्प्युटर रात्रंदिवस जागा. आणि गाडीचा मूळचा कपलर कापून टाकलेला, पश्या, कापून! शंभर-दीडशे रुपयाला गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर मिळतो, एका बाजूने गाडीत खट्कन बसतो, दुसऱ्या बाजूने स्टिरिओत, एक वायर कापावी लागत नाही. त्या दिवशी मला त्या ७,५०० पेक्षा त्या कापलेल्या कपलरचं जास्त वाईट वाटलं.

मग एका रविवारी मी आणि बाबा पार्किंगमध्ये बसलो. बाबा टॉर्च धरून, मी सोल्डरिंगची बंदूक घेऊन. कापलेल्या वायरींना कपलर परत लावला, प्रत्येक जोडावर श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. लाल वायर चावीच्या लाइनवर. स्पीकरच्या जोड्या रंगाने ओळखता येतात, पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, प्रत्येकाची काळ्या पट्ट्याची वायर मायनस. मागच्या ट्रेवरच्या ओव्हल स्पीकरपैकी एकाचं प्लस-मायनस उलटं निघालं. म्हणजे एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं मिळून तबल्याचा डग्गा खाऊन टाकतात. वर्षानुवर्षं आम्ही तसंच ऐकत होतो! तपासायचं झालं तर स्टिरिओचा कपलर काढून स्पीकरच्या दोन वायरींना साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा, पडदा बाहेर उडाला की सेलचं प्लस जिकडे ती वायर प्लस. बाबांना हा खेळ एवढा आवडला की चारही स्पीकर त्यांनीच तपासले.

स्क्रीन काढून टाकली, मेहुण्याच्या मित्राने तीन हजाराला नेली (वायरिंगचं सगळं सांगून दिली, आपण कुणाला फसवत नाही). जागेवर साधा सिंगल डिन स्टिरिओ, ब्लूटूथ, यूएसबी आणि आवाजाचा गोल खटका, २,८०० ला. फोन ठेवायला डॅशबोर्डवर स्टँड. मॅप फोनवर, पुणे ते कोल्हापूरचा भाग आधीच ऑफलाइन डाउनलोड केलेला, बोलणारी बाई मात्र स्पीकरमधून. पहिल्या बटणावर १०१ चं विविध भारती, ही बाबांची अट. परत मीटर लावला, ०.०२. मी तो आकडा बघून तिथेच पार्किंगमध्ये चहा मागवला.

कॉलचं एक राहिलं. पहिल्या दिवशी हिला फोन लावला तर म्हणाली विहिरीतून बोलतोयस का. माइक स्टिरिओच्या तोंडावरच होता, गिअरपाशी, तिथे इंजिनचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. मागे बाहेरचा माइक लावायचं भोक होतं, दोनशे रुपयांचा माइक आणला, वायर दाराच्या खांबाच्या पट्टीखालून वर नेली आणि सनशेडला चिमटा. आता म्हणते नीट ऐकू येतं, फक्त तू कमी बोल. ऐंशीच्या पुढे काच खाली असेल तर मात्र कुठलाच माइक तुला वाचवत नाही, जुन्या गाड्या बोलक्या असतात.

आता तुझ्या स्विफ्टचं. २०१२ ची तुझी, कंपनीचाच स्टिरिओ, यूएसबी-ऑक्स आहे, आवाज चांगला आहे. तुला गाणी आणि कॉल एवढंच हवं असेल तर माइकवाला ऑक्स रिसीव्हर घे, पाचशे-सहाशेत काम होतं, शिट्टी आली तर ती डबी. महिनाभर वापर. त्यानंतरही स्क्रीनच पाहिजे वाटली तर नुसती "अँड्रॉइड स्क्रीन" घेऊ नकोस, अँड्रॉइड ऑटो चालतं का ते तुझा फोन लावून दुकानातच बघ. नावं सारखी म्हणून लोक फसतात. अँड्रॉइड स्क्रीन म्हणजे डॅशबोर्डमध्ये चिकटवलेला एक स्वस्त टॅब, तो दोन वर्षांत म्हातारा होणार. अँड्रॉइड ऑटोमध्ये सगळं काम तुझा फोन करतो, स्क्रीन नुसती दाखवते, फोन बदललास की गाडी आपोआप नवी. वायरलेस पण मिळतं, त्यात ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं आणि पुढचा सगळा माल वायफायवरून येतो, फोन तापतो मात्र, लांबच्या प्रवासात केबलच लाव. वहिनींचा आयफोन आहे ना, मग कारप्ले (आयफोनचं अँड्रॉइड ऑटोच समज) पण बघून घे नाहीतर घरात वेगळाच वाद.

स्टिअरिंगवरची बटणं चालली पाहिजेत हे आधीच बोलून ठेव. तिथे काही जादू नसते, साधारणपणे प्रत्येक बटणामागे वेगवेगळा रेझिस्टन्स असतो, नव्या स्टिरिओला एकेक बटण दाबून शिकवावं लागतं की हा आवाज वाढव, हे पुढचं गाणं. पाच मिनिटांचं काम, पण दुकानदार नको म्हणाला तर समज पुढचंही काम तो असंच करणार. आणि तो वायर कापायला पक्कड काढेल त्या क्षणी गाडी घेऊन नीघ.

किंवा नकोच. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मी नाशिकला येतोच आहे मावशीकडे, मीटर, बंदूक, श्रिंक ट्यूब सगळं घेऊन येतो, तू फक्त सावलीतली जागा आणि वहिनींच्या हातचं मिसळीचं बघ. तोपर्यंत त्या पाचशे-सहाशेच्या वर एक रुपया खर्च करू नकोस.

तुझाच,
बंड्या

ता.क. सांगायचं राहिलं. जुना सीडीचा डेक भंगारात द्यायच्या आधी हलवला तर आत खुळखुळ. उघडला तर १७ रुपयांची नाणी आणि शर्टाचं एक बटण निघालं. आमचं कार्टं तीन वर्षांचं असताना मागून पुढे वाकून त्या फटीत पैसे टाकायचं आणि आम्ही डेकला शिव्या देत होतो की सीडी घेत नाही. आता दहावीला आहे, त्याला सांगितलं तर म्हणतो माझे १७ रुपये परत दे.