क्षयाच्या बातम्यांत शरीराची बाजूही यावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बातम्या आपण सातत्याने छापता, त्याबद्दल आभार. पण त्या वाचून असे वाटते की सगळी झुंज जंतू आणि प्रतिजैविक या दोघांतच आहे. शरीर स्वतः काय करते, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेले मोलाचे संशोधन वाचकांपर्यंत पोचतच नाही, याची मला खंत वाटते.

क्षयरोगाचेच घ्या. त्याचा जिवाणू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला त्याची लागण झालेली असावी, असा अंदाज आहे. त्यांतले आयुष्यभरात आजारी पडतात ते फक्त ५ ते १० टक्के. मग बाकीच्यांच्या शरीरात काय घडते? फुप्फुसातली मॅक्रोफेज पेशी जिवाणूला गिळते. तो ज्या पिशवीत अडकतो, तिच्यात पाचक रसांची दुसरी पिशवी मिसळली की त्याचा निकाल लागायला हवा. हा जिवाणू नेमके तेवढेच होऊ देत नाही आणि त्याला मारायला आलेल्या पेशीतच मुक्काम ठोकतो. मग टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) भोवती जमून गाठ तयार होते. गाठ टिकली तर माणसाला पत्ताही लागत नाही. तिचा गाभा सडून श्वासनलिकेत फुटला, की जिवाणू खोकल्यावाटे बाहेर पडतात.

ही गाठ टिकायला टीएनएफ नावाचे प्रथिन लागते. संधिवातावर ते रोखणारे औषध आले आणि काही रुग्णांत दबलेला क्षय उसळला, हे २००१ मध्ये उघड झाले. म्हणून आता असे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी करतात. पण टीएनएफ जास्त असले म्हणजे भले, असेही नाही. झेब्रा माशांवरच्या प्रयोगांत ते अति झाल्यावर मॅक्रोफेजच फुटून मेल्या आणि जिवाणूंना मोकळे रान मिळाले. क्षयाच्या मेंदूज्वरात तर सूज आवरण्यासाठी स्टेरॉइड दिल्याने मृत्यू कमी होतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असा सरसकट सल्ला छापण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, ही कळकळीची विनंती.

त्वचेवरची किंवा रक्तातली नेहमीची चाचणी शरीराचा जिवाणूशी संबंध आला होता एवढेच सांगते. पुढे कोण आजारी पडेल हे ती सांगू शकत नाही. रक्तपेशींतली कोणती जनुके जागी झाली आहेत यावरून काही महिने आधीच धोका ओळखण्याचे प्रयत्न सुरू आहेत. माझ्या मते आज सर्वांत महत्त्वाचे काम हेच.

लसीचेही तसेच. १९२१ पासूनची बीसीजी लहान मुलांना गंभीर क्षयापासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा भरवसा नाही. एम७२ या नव्या लसीने आधीच लागण झालेल्या प्रौढांत सुमारे ५० टक्के संरक्षण दिले आणि २०२४ मध्ये तिची मोठी चाचणी सुरू झाली. त्या चाचणीचे निकाल येतील तेव्हा नुसती टक्केवारी छापू नका. लस घेणाऱ्यांना आधी लागण होती का, त्यांच्यावर किती काळ लक्ष ठेवले आणि वाचलेल्यांच्या रक्तात वेगळे काय आढळले, हेही जाणकारांकडून लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक