अरबी शिकवणाऱ्या सरांना, मनापासून

आदरणीय सर,
सादर सलाम.

कुवेतहून लिहिते आहे. तुमच्याआधीच्या क्लासने भरपूर फी घेऊन देवनागरीतली एक पुस्तिका हातात ठेवली आणि ‘पाठ करा’ म्हणून मोकळे झाले. तो राग अजून गेलेला नाही. देवनागरीत अरबीचे दोन ‘त’ एकच दिसतात, दोन ‘ह’सुद्धा. जिभेचं टोक दातांपाशी ठेवून ‘तीन’ म्हटलं तर अंजीर. टोक तिथेच ठेवून जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला तर चिखल. आपली मुलं जीभ वळवून ‘टीन’ म्हणतात आणि दोन्ही हुकतात. तुम्ही पहिल्याच दिवशी ती पुस्तिका मिटायला लावलीत. घशातला ‘ह’ शिकवताना म्हणालात, चष्म्याच्या काचेवर श्वास सोडतो तसा सोडा. तो जमला.

28 अक्षरांपैकी अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय, वाव ही सहा पुढच्या अक्षराला जोडत नाहीत. नवशिक्याला ती फट दिसली की शब्द संपला असं वाटतं. म्हणून तुम्ही आधी ‘दार’, म्हणजे घर, लिहायला दिलंत. त्यात तिन्ही अक्षरं सुटी. शब्दकोशाचंही तसंच. ‘मक्तबा’, म्हणजे ग्रंथालय, ‘म’खाली शोधून सापडत नाही, क-त-ब या धातूखाली सापडतो. हे कुणी सांगितलं नाही तर माणूस शब्दकोश मिटून ठेवतो. द्विवचन मात्र शाळेत संस्कृत झालेल्यांना जड गेलं नाही. खरी दमछाक आकड्यांची: 3 ते 10 पुस्तकं अनेकवचनात आणि 11 झाली की पुन्हा एकवचन!

पण सर, आभार मानायचे आहेत ते एका साध्या गोष्टीसाठी. वाक्य अडलं की तुम्ही पेन खाली ठेवायचात आणि थांबायचात. शब्द पुरवत नव्हतात, घड्याळाकडे बघत नव्हतात, हिंदीवर येत नव्हतात. इथे बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, जरा अडखळलं की समोरचा लगेच हिंदी सुरू करतो. अरबी तोंडात राहते. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण शिकणाऱ्याचं नुकसान होतं. दुसऱ्याला त्याचं वाक्य पुरं करू देणं ही फार मोठी माणुसकी आहे. ती असलेली माणसं थोडी भेटतात.

गहवा, म्हणजे अरबी कॉफी, उजव्या हाताने घ्यायचा, पुरे झाला की फिंजान, म्हणजे त्याचा छोटा कप, हलकेच हलवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो, हेही तुमचंच. आणि पुरुषाला त्याच्या बायकोबद्दल थेट न विचारता ‘घरचे कसे आहेत’ एवढंच विचारायचं, हेही.

एकच विनंती. पुढच्या बॅचमध्ये कुवेतला येणारं कुणी असेल तर फुसहातल्या, म्हणजे प्रमाण अरबीतल्या, ‘उरीदु’ (मला हवंय) बरोबर त्याच अर्थाचा इथला ‘अबी’ आणि ‘शलोनक’ (कसा आहेस) पहिल्याच आठवड्यात शिकवा. पहिल्या दिवसापासून लागतात.

तुमची विद्यार्थिनी