फोन लागला नाही तर

दांडिया बाजार, बडोदे
२ ऑगस्ट

ती. आई आणि ती. बाबा,

साष्टांग नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे बाबांना ऑपरेशन झालेल्या डोळ्याने स्वतः वाचता येईल आणि आईलाही वाचून दाखवता येईल. फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा "बघ बाई, तुला काय ते" म्हणून फोन दादाकडे देतात. म्हणून काश्मीरचं आमचं काय ठरलंय, तयारी कुठवर आलीय आणि कुठे पोचल्यावर परत फिरायचं, हे सगळं लिहूनच पाठवते.

आम्ही चौघं ऑगस्टअखेर बडोद्याहून स्वराज एक्स्प्रेसने कटऱ्याला जाणार, तिथून वंदे भारतने श्रीनगर. बाबा, वाटेत लागणारा चिनाबवरचा रेल्वे पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. पुण्याला आले की त्याबद्दल सगळं सांगेन. ट्रेक सोनमर्गहून सुरू होतो आणि विशनसर, गडसर, सतसर, गंगाबल या तळ्यांवरून जाऊन नारानागला उतरतो. चाल सत्तरेक किलोमीटरची. वाटेतली सगळ्यात उंच जागा म्हणजे गडसरची खिंड, सुमारे ४,२०० मीटर.

आई, तुझा पहिला प्रश्न पहलगामचा होता. २२ एप्रिल २०२५ला बैसरनच्या कुरणावर २६ जणांचा जीव गेला. त्यात पुण्याचे होते, डोंबिवलीचे होते, भावनगरचे बाप-लेक होते आणि पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला तिथलाच घोडेवालाही होता. त्यानंतर आठवड्याभरात सरकारने काश्मीरमधल्या ८७ पर्यटनस्थळांपैकी ४८ बंद केली. बंदुकीपुढे माझी कुठलीच तयारी चालणार नाही, हे मला कळतं. "काही होत नाही गं" असं मी तुला म्हणणार नाही. कधी जायचं, कोणत्या वाटेने, कोणाच्या परवानगीने आणि कधी माघारी यायचं, एवढंच माझ्या हातात आहे, आणि त्यात मी कसूर ठेवलेली नाही.

तारखा त्याच हिशेबाने धरल्यात. १५ ऑगस्टच्या आसपास सगळीकडे बंदोबस्त कडक असतो, तो आठवडा नको होता. अमरनाथची यात्रा राखीपौर्णिमेला संपते आणि बालटालची वाट सोनमर्गवरूनच जाते. यात्रा चालू असेपर्यंत त्या रस्त्यावर लष्कराचे ताफे असतात, गाड्या ठरलेल्या वेळीच सोडतात. म्हणून यात्रा संपल्यावरच सोनमर्गला जायचं. दुसरं म्हणजे, वाट खुली असल्याचं प्रशासनाने सांगितलं आणि ट्रेक नेणाऱ्यांच्या हातात लेखी परवानगी आली तरच. "मिळून जाईल" हे तोंडी उत्तर आम्ही धरणार नाही. २० ऑगस्टपर्यंत कागद आला नाही, तर काश्मीर रद्द करून हिमाचलात हामटा खिंडीला जायचं. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर बुडाले. हे चौघांनी एकत्र बसून कबूल केलंय, कारण ऐनवेळी पैशाच्या मोहाने माणूस स्वतःची समजूत घालतो.

श्रीनगरला पोचल्यावर वातावरण बिघडलं तर? त्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवलेत. बंद असेल, सोनमर्ग ज्या जिल्ह्यात येतं त्या गांदरबलकडे चकमकीची बातमी असेल, तर हॉटेलातच थांबायचं आणि मालक सांगेल ते ऐकायचं. आणि सरकारने परत जा म्हटलं, तर कारण न विचारता निघायचं. २ ऑगस्ट २०१९ला यात्रेकरूंना आणि पर्यटकांना खोरं सोडायला सांगितलं होतं. ५ तारखेला फोन आणि इंटरनेट बंद झालं. ज्यांनी पहिल्याच दिवशी बॅगा भरल्या, त्यांचे पुढचे हाल टळले.

नेट गेलं की फोनमधले पैसेही जातात, म्हणून रोकड बरोबर घेतेय, दोन वेगळ्या जागी ठेवलेली. तिकिटं, परवानगी, विम्याचे कागद, सगळं छापून घेतलंय. विम्यात किती उंचीपर्यंतचं ट्रेकिंग धरलंय ते नीट वाचलं. साध्या प्रवास विम्यात बहुतेक वेळा ते नसतंच, त्यामुळे वेगळा काढला. मूळ आधार कार्ड जवळ असेल, कारण वाटेत लष्कराच्या तळांवर ते तपासतात. त्या तळांचे फोटो काढायचे नाहीत. ड्रोन नाही, सॅटेलाइट फोनही नाही. दादाने सॅटेलाइट फोनचं सुचवलं होतं, पण परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि सीमेजवळ तर भलताच संशय ओढवेल. गडसरच्या उत्तरेला तुलैल-गुरेझचा भाग येतो आणि त्याच्या पलीकडे नियंत्रण रेषा. म्हणून वाट सोडून एखाद्या सुंदर टेकाडावर चढायचं नाही, आणि अंधार पडल्यावर तंबूपासून लांब जायचं नाही. मेंढपाळांचे कुत्रेही रात्री अनोळखी माणसाला जवळ फिरकू देत नाहीत.

आता उंचीबद्दल. तुम्ही दोघं बातम्यांना घाबरता, मला जास्त धाक उंचीचा आहे, कारण ती रोज सोबत असते. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब कमी होतो. गडसरच्या खिंडीत तो समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. आपलं बडोदं चाळीसेक मीटरवर. शरीराला सवय व्हायला दिवस द्यावे लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर झोपायचं नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा साधा नियम आहे. या ट्रेकची अडचण पहिल्याच दिवशी येते. सोनमर्ग साधारण २,७५० मीटरवर आणि पहिला मुक्काम जवळजवळ ३,५०० वर. बरेच गट दुपारी सोनमर्गला उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालू पडतात. आम्ही तिथे दोन रात्री काढणार, मधल्या दिवशी ठाजवासच्या हिमनदीकडे चढून संध्याकाळी खाली झोपायला येणार. एक दिवसाचं जास्तीचं भाडं पडतंय, ते मी आनंदाने देतेय.

चालण्याचा सराव दर रविवारी पावागडला. रोपवे नाही, खालून चांपानेरपासून पायी. पाठीवर सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन चढायचं, वर महाकालीचं दर्शन झालं की पाणी झाडांना घालायचं आणि रिकाम्या सॅकने उतरायचं. चढताना वजन मिळतं, उतरताना गुडघे वाचतात. नवे बूट पायाला सरावावेत म्हणून तेच घालून खंडेराव मार्केटात भाजीला जाते. पहिल्या आठवड्यात टाचेला जिथे लागलं, तिथे आता चालायच्या आधीच चिकटपट्टी लावते. वर फोड आला तर चार दिवस तोच पाय टाकत राहावं लागतं. पण हा सराव फक्त पायांचा आणि दमाचा. उंचीचा त्रास तगड्या माणसालाही होतो. उलट त्याला जास्त धोका, कारण तो भराभर चढतो. हे मी आमच्यातल्या सगळ्यात चपळ मुलाला बजावून ठेवलंय.

डॉक्टरांना भेटले. रक्तदाब, हिमोग्लोबिन, ईसीजी सगळं ठीक आहे. त्यांनी उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळी दिलीय, १२५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, चढण सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगायला हवं असं ते म्हणाले, तेव्हा आईची ती निळी वही काढली. आई, तू आमची प्रत्येक लस, प्रत्येक गोळी, कधी पुरळ आलं, सगळं लिहून ठेवलंयस. सल्फाचं माझ्या नावावर काही नाही. ते पान मी डॉक्टरांना दाखवलं आणि फोटो काढून घेतला. गोळी इथे घरी दोन दिवस घेऊन पाहिली. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते आणि सोडा अगदी बेचव लागतो. हे त्या गोळीचंच असतं. वर जाऊन पहिल्यांदा घेतली असती तर मुंग्यांनीच घाबरले असते.

बाबा, तुम्ही मालगाडीवर असताना सांगायचात, सिग्नल विझलेला दिसला तर तो लालच समजायचा. मी वर हेच धरून चालणार आहे. डोकं दुखायला लागलं की ते उन्हाने दुखतंय, पाणी कमी पडल्याने की झोप न झाल्याने, ही चर्चा करत बसायचं नाही. ते उंचीनेच दुखतंय असं मानायचं, आणि ते पूर्ण थांबेपर्यंत आणखी वर झोपायला जायचं नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही एकमेकांना तपासणार. भूक आहे का, मळमळ आहे का, आणि टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवायचं. ज्याचा तोल जातो त्याच्या मेंदूला सूज येत असू शकते. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, तर फुप्फुसात पाणी साठत असेल. या दोन्हींत एकच करायचं, ताबडतोब खाली उतरवायचं, रात्र असली तरी, आणि एकट्याला कधीच नाही. डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही औषधं आणि ऑक्सिजनचा सिलिंडर ट्रेक लीडरकडे असतो, पण ते सगळं आजारी माणूस खाली उतरेपर्यंतचा वेळ मिळवायला. औषध देऊन वर नेणाऱ्या लीडरबरोबर मी एक पाऊलही चालणार नाही. पैसे भरायच्या आधी मी त्यांना फोन करून हेच विचारलं होतं, आणि त्यांचं उत्तर पटलं म्हणूनच नाव नोंदवलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं गडसरचं. विशनसरपर्यंत काही झालं तर आलो त्याच वाटेने सोनमर्गला उतरता येतं. खिंड ओलांडली की रस्ता दोन्ही बाजूंनी लांब पडतो. पुढे गेलं काय, मागे आलं काय, सारखंच. हेलिकॉप्टर बोलावलं आणि आलं, असं तिथे होत नाही. हवामान लागतं, परवानगी लागते. म्हणून खरा निर्णय विशनसरच्या तळ्याकाठी होणार. चौघांपैकी एकाचंही डोकं त्या सकाळी दुखत असेल तर तो खिंड चढणार नाही, आणि त्याच्याबरोबर आमच्यातला आणखी एक परत फिरेल. आकाश भरलेलं असेल तर सगळेच थांबू. खिंड दुपारच्या आत ओलांडायची, तंबू नाल्याच्या काठाला लावायचा नाही. १४ ऑगस्ट २०२५ला किश्तवाडमध्ये चिसोटीला वरून आलेल्या पाण्याच्या लोंढ्याने काय झालं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंय.

फोनला मात्र बाबांचा तो सिग्नलचा नियम लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझं सिम पोस्टपेड आहे, कारण आपल्याकडचं प्रीपेड तिथे चालत नाही. पण सोनमर्ग सोडलं की कुठलंच चालत नाही. २ सप्टेंबरच्या सकाळी मी सोनमर्गहून फोन करेन. त्यानंतर ८ तारखेला खाली उतरून फोन करेन, तोपर्यंत माझा फोन येणार नाही आणि तुम्ही लावलात तर लागणार नाही. त्या दिवसांत फोन बंद असणं म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. खोऱ्यात काही घडलं तर सरकार नेट बंद करतं, तेव्हा ८ तारखेचा फोनही चुकू शकतो. म्हणून ९च्या संध्याकाळपर्यंत काही करायचं नाही. तोवर आला नाही, तर दादाने या पत्रासोबतच्या पाकिटातले नंबर लिहिलेत त्याच क्रमाने लावायचे, आधी ट्रेकवाल्यांचं श्रीनगरचं ऑफिस, मग गांदरबलचा कंट्रोल रूम. चौकशी एकट्या दादानेच करायची. सगळ्यांनी सगळीकडे फोन केले की खरी बातमी कोणाकडेच राहत नाही.

आणि आई, त्या आठवड्यात दिवसभर बातम्या लावून बसू नकोस. सकाळी एकदा, रात्री एकदा बघ. बीपीची गोळी चुकवू नकोस.

तू विचारलंस, इतकं सगळं करून तिथेच कशाला जायचं? मला गंगाबल बघायचंय, हरमुखच्या पायथ्याशी. कित्येक वर्षं मनात आहे, आणि गुडघे धड आहेत तोवर जायचं आहे. आणि तिथल्या घोडेवाल्यांची वर्षाची कमाई या दोन-तीन महिन्यांतच होते, हेही माझ्या मनात आहे. पण ते सगळं कागद हातात आला तर. नाही आला तर मी हट्ट करणार नाही, एवढा विश्वास ठेवा.

दादाची राखी याच पाकिटात आहे. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतेय, देवाला फूल-पाणी त्या घालतील. गणपती यंदा १४ सप्टेंबरला आहेत, त्याआधी मी घरी असेन आणि मूर्तीची ऑर्डर सांगून ठेवलीय. बाबा, दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख २० सप्टेंबरनंतरचीच घ्या. मी सुट्टी टाकलीय, आठ दिवस पुण्यालाच राहीन, म्हणजे थेंब घालायला आईची धावपळ होणार नाही.

तुमची,
धाकटी