पहिला साप रंगावरून निवडू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पहिल्यांदा साप पाळू पाहणारा माणूस बहुतेक वेळा रंग आणि नक्षी पाहून भुलतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. खरे तर त्याने तीन गोष्टी विचारायला हव्यात: पूर्ण वाढल्यावर हा साप केवढा होणार, किती वर्षे जगणार आणि खाण्याच्या बाबतीत कसा आहे. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, पण तो सहसा कुणी विचारतच नाही. कोणता साप पाळायला कायद्याची परवानगी आहे, हे अर्थातच त्याही आधी पाहायचे. रानातून पकडून आणलेला साप तर घेऊच नये. तो घाबरलेला असतो, बहुधा अंगात जंत घेऊन येतो आणि कित्येकदा बंदिवासात अन्नाला तोंडही लावत नाही.

नवख्यासाठी आमची पहिली पसंती कॉर्न स्नेकला. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप साधारण ३ ते ५ फूट वाढतो, नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे जगतो आणि खाण्यावर सहसा रुसत नाही. पिल्लू असताना तो भित्रा असतो, हातात घेतला की वळवळतो, शेपटी थरथरवतो. वाढत्या वयाबरोबर निवळतो.

बॉल पायथन ‘शांत आहे’ म्हणून नवख्याच्या गळ्यात मारला जातो. शांत तो आहेच. भ्यायला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, नावही त्यावरूनच पडले. पण हा छोटा अजगर एकदा खाणे सोडले की कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने तोंड उघडत नाही. धडधाकट प्रौढ साप त्यातून तरतो. धीर सुटतो तो मालकाचा. तो दर दोन दिवसांनी उंदीर पुढे करतो, सापाला उचलून पाहतो, आणि साप आणखी बिचकतो. या सापाच्या ‘स्पायडर’ नावाच्या नक्षीत तर मान डोलण्याचा आणि तोल जाण्याचा दोष असतो. तो त्या नक्षीच्या जनुकाशीच जोडलेला असल्याने ती कितीही देखणी दिसली तरी घेऊ नये.

कॅलिफोर्निया किंगस्नेक चालेल, मात्र तो इतका खादाड की हाताला उंदराचा वास असला तरी चावतो, आणि दुसऱ्या सापालाही गिळतो. केनियन सँड बोआ लहानशा जागेत राहतो, पण दिवसभर वाळूत दडलेला असतो. बर्मीज पायथन १५ फुटांच्या पुढे जाऊ शकतो. तो पहिला साप नव्हेच.

साप विकत घेताना त्याच्या खाण्याची नोंदवही मागावी आणि शक्य असेल तर आपल्या समोर एकदा खाऊ घालायला सांगावे. हनुवटीखालच्या खवल्यांच्या फटीत आणि डोळ्यांच्या कडेला निरखून पाहावे. हलणारे बारीक काळे ठिपके दिसले तर ते माइट, म्हणजे सापाचे रक्त पिणारे बारीक जीव. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी बुडून मेलेले तसेच कण सापडतात. तोंडाशी बुडबुडे किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज असेल तर साप तिथेच ठेवून निघावे.

सापाआधी पेटी आणावी आणि आठवडाभर रिकामीच चालवून पाहावी. मोठ्या कॉर्न स्नेकला ४ फूट लांब, २ फूट रुंद जागा द्यावी. एका टोकाला २९ ते ३० अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २२ ते २४, आणि दोन्हीकडे अंग घासेल इतकी घट्ट लपायची जागा. एकच लपण ठेवले तर साप ऊब आणि सुरक्षितता यांतले एकच निवडतो, मग पचन बिघडते. हीट मॅट, म्हणजे पेटीच्या काचेखाली लावायची विजेवर तापणारी चटई, थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय) कधीही लावू नये. थेट प्लगला जोडलेल्या मॅटमुळे काच भाजण्याइतकी तापते, आणि साप पोटाला चटका बसेपर्यंत कित्येकदा हलत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि काच यांच्या मध्ये पक्का बसवावा. आत मोकळा सोडला तर साप तो सरकवतो आणि मॅट तापतच राहते. आतल्या तळाचे तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासून आकडा जुळवावा. झाकणाला कडी हवीच. डोके शिरेल त्या फटीतून साप निसटतो. देवदाराचा भुसा पेटीत घालू नये, त्याचा उग्र वास सापाच्या फुप्फुसांना घातक असतो.

घरी आणल्यावर पहिले ७ दिवस सापाला हात लावू नये, फक्त पाणी बदलावे. त्यानंतर पहिला घास. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच असावा. पिल्लाला ५ ते ७ दिवसांनी एक, मोठ्याला १० ते १४ दिवसांनी. जिवंत उंदीर सापालाच चावतो, म्हणून गोठवलेला आणावा. रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यावा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ऊबदार करावा आणि लांब चिमट्याने पुढे धरावा. मायक्रोवेव्ह वापरू नये. उंदीर बाहेरून भाजतो, आत गारच राहतो. गिळल्यावर ४८ तास सापाला उचलू नये. सापाने घास ओकलाच तर लगेच दुसरा देऊ नये. १० ते १४ दिवस पोटाला विसावा द्यावा, तापमान पुन्हा तपासावे आणि पुढचा उंदीर नेहमीच्या निम्म्या आकाराचा द्यावा.

डोळे दुधाळ निळसर झाले की साप कात टाकण्याच्या बेतात असतो. तेव्हाही त्याला हाताळू नये. कात तुकड्यांत निघाली तर हवेत ओलावा कमी आहे असे समजावे. ओले शेवाळ भरलेला एक डबा आत ठेवावा, पण डोळ्यावर अडकलेली जुन्या कातीची टोपी नखाने खरवडू नये. ती सुटत नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्यच हवा, आणि त्याचा पत्ता साप आणण्याआधीच हाताशी असावा.

आपले,
काही सर्पपालक