माळ्यावरची कॉमिक्स आणि टीव्हीचं बिल

पुणे

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

टीव्हीचा खर्च कमी करायचा आणि माळ्यावरची कॉमिक्स रद्दीत द्यायची, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. पहिलं जरूर करा. दुसरं कृपा करून करू नका. दोन्हींचा हिशेब एकच आहे, म्हणून एकाच पत्रात लिहिते.

आधी केबल. पावतीवर दोन रकमा वेगळ्या बघा. एक एन.सी.एफ., म्हणजे जोडणीचं भाडं, आणि दुसरी पैसे पडणाऱ्या वाहिन्यांची किंमत. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. एन.सी.एफ.ची १३० रुपयांची मर्यादा ट्रायने, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाने, जुलै २०२४ मध्ये काढली, त्यामुळे हा आकडा आता केबलवाल्याला विचारूनच घ्यावा लागतो. आई, तुझ्या मालिका स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी आणि सोनी मराठी या चारच वाहिन्यांवर असतात. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. चारही १९ च्या धरल्या तर ७६, त्यात एन.सी.एफ.चे जुने १३० मिळवले की २०६, करासकट २४३ रुपये. पावती याच्या दीडपट असेल तर पॅकमधली वाहिन्यांची यादी मागा. हमखास सापडणारी चूक म्हणजे एकच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा घेतलेली. दुसरी म्हणजे जुना पॅक तसाच ठेवून वर सुट्या वाहिन्या जोडलेल्या.

या चारांतल्या दोन आता एकाच घरच्या आहेत. तुझी ई-टीव्ही मराठी २०१५ साली कलर्स मराठी झाली, ती व्हायाकॉम१८ कडे होती. स्टार प्रवाह डिस्नेकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दोन कंपन्या एक होऊन जिओस्टार झाली. म्हणून त्या दोन वाहिन्या सुट्या घेण्याआधी त्यांच्या मराठी पॅकचा दर विचार, कधी कधी तोच स्वस्त पडतो. झी आणि सोनीही एक होणार होत्या, पण तो करार जानेवारी २०२४ मध्ये मोडला. त्यांचे पॅक वेगळेच राहणार.

बाबा, क्रिकेट महाग का झालं याचं उत्तरही याच विलीनीकरणात आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले आणि इंटरनेटवरचे व्हायाकॉम१८ ने २३,७५८ कोटींना. दोघांत चुरस होती, तेव्हा २०२३ आणि २०२४ ला व्हायाकॉम१८ च्या जिओसिनेमा ॲपवर सामने फुकट दिसले. दोघं एक झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं, तसं फुकट संपलं. आता आयपीएलसाठी गिऱ्हाईक ओढायला समोर दुसरं कोणी उरलेलंच नाही. मला हे सगळ्यात जास्त खुपतं.

तुम्हाला फक्त भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने बघायचे असतील तर डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनभाड्याची डिश, लावा. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, साधारण दोन हजार, महिन्याचं भाडं नाही. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. पण दूरदर्शनला ते स्वतःच्या जाळ्यावरच दाखवता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. म्हणूनच केबलवरच्या दूरदर्शनवर सामना दिसत नाही आणि फ्री डिशवर दिसतो. बॉक्स एमपेग-४ चाच मागा, जुन्या एमपेग-२ वर कमी वाहिन्या लागतात. नाशिकहून डिशचं तोंड आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर लागतं. त्या दिशेला पलीकडच्या बंगल्याचं आंब्याचं झाड येत असेल तर गच्चीवर जागा बदलून घ्या. ओली पानं मध्ये आली की चित्र फुटतं. मोठ्या सरीत थोडा वेळ ते जाणारच, तेव्हा डिश हलवू नका.

मोबाइलमधून आपोआप कापले जाणारे पैसे. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. फोनपे किंवा गुगल पे उघडा, वरच्या फोटोवर बोट ठेवा, ऑटोपे शोधा, नको ते निवडून रद्द करा आणि यूपीआय पिन टाका. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती वाचत जा. फक्त मोबाइलवर चालणारा स्वस्त प्लॅन टीव्हीसाठी घेऊ नका, तो टीव्हीवर लागत नाही. फायबरच्या किंवा मोबाइलच्या रिचार्जमध्ये तेच ॲप आधीच मिळतंय का, तेही पाहा. आणि बाबा, ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. परतावा मिळायला पिन कधीच लागत नाही.

आता कॉमिक्स. ॲपवरचं आपलं नसतं. एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या मालिका ३१ मार्च २०२३ ला हॉटस्टारवरून गेल्या, महिनाभराने जिओसिनेमावर आल्या, आणि विलीनीकरणानंतर पुन्हा जिओहॉटस्टारवर. बघणाऱ्याने मात्र दर वेळी त्यांच्या मागे धावायचं. माळ्यावरचा वेताळ, म्हणजे इंद्रजालमधला फँटम, कुठे गेला नाही. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, त्यामुळे ते जुने अंक एकदा गेले की पुन्हा मिळणं कठीण. चांदोबाची कंपनीही २००७ साली जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली आणि काही वर्षांत मासिक थांबलं. रद्दीवाला हे सगळं किलोवर नेईल.

खोके पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. लोखंडी ट्रंक नको, आतून घाम धरते. प्रत्येक अंकाच्या पिना बघा. गंजल्या असतील तर बोथट सुरीने पाय सरळ करून अलगद काढा आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने टाका घाला. ओढून काढल्या तर मधलं पान फाटतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो. लॅमिनेशनही नको. अंक ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सावलीत एकेक पान उलटून वारा द्या. उन्हात ठेवलेत तर वर्तमानपत्री कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. कसर लागली असेल तर पुठ्ठ्याचा जुना खोका फेकून द्या, तिची अंडी घड्यांत असतात. डांबरगोळ्या कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा, कागदाला लागू देऊ नका.

पॉलीप्रॉपिलीनच्या पिशव्या मी दिवाळीला घेऊन येते. मेन रोडवर चकचकीत पीव्हीसीच्या मिळतात त्या घेऊ नका, त्या शाईला चिकटतात. तोवर आई, केबलच्या पावतीचा फोटो पाठव.

तुमची,
ताई