अवघड जागेचं दुखणं आणि जाड गादी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत माउंटन बायकिंगवरचा लेख वाचला, छान होता, फोटो तर झकासच, पण शॉर्ट्सबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या आणि त्यातही सल्ला काय, तर सायकलिंगच्या शॉर्ट्समध्ये बुडाखाली शिवलेलं पॅड जितकं जाड तितका आराम जास्त. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. कारण हाच सल्ला मला सुरुवातीला मिळाला होता, मी तो इमानेइतबारे पाळला आणि दीड वर्ष त्याची फळं भोगली, कुठे भोगली ते तुम्हाला कळलंच असेल.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, सायकलवाल्यांचं अगदी तेच आहे. गुडघा दुखला की माणूस चारचौघांत विचारतो, हेल्मेट कुठलं, टायरमध्ये हवा किती, यावर तर तासन्‌तास बोलतो, पण जांघेत सोलवटलं की एकदम गप्प. घरी येऊन पावडर मारायची, दोन दिवस पाय फाकवून चालायचं आणि विचारलं कुणी तर म्हणायचं पाय आखडलेत. मीही हेच केलं. तीन तासांची राइड करून आलो की अंघोळीचं पहिलं गरम पाणी अंगावर पडताच तोंडातून आवाज निघायचा, आणि आरशात बघितलं तर दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल पेन्सिलीने ओढल्यासारखी एकेक रेघ. सरळ, बारीक रेघ. मला वाटायचं पॅड कमी पडतंय, म्हणून पुढची शॉर्ट्स आणखी जाड पॅडवाली घेतली, तर ती रेघ तिथेच आणि वर घाम दुप्पट.

शेवटी एकदा आमच्यातल्या एका जुन्या खोडाने मला चढावर सारखं उभं राहताना बघून सरळ विचारलं, आत काय घातलंयस? मी म्हटलं, काय म्हणजे, नेहमीची चड्डी. तो सायकल थांबवून हसला आणि म्हणाला, अरे तीच तर काढायची असते! ती रेघ म्हणजे आतल्या चड्डीची शिवण होती हो. पॅडवाली शॉर्ट्स हीच आतली चड्डी असते, थेट अंगाला लागून घालायची, तिच्या आत काहीही नाही. आत सुती कपडा आला की तो घाम धरून ठेवतो, ओली कातडी लवकर सोलवटते, आणि पॅड बनवणाऱ्याने ज्या जागेवरून शिवण मुद्दाम हलवलेली असते नेमकी त्याच जागी आपण आपली शिवण नेऊन ठेवतो. एवढी साधी गोष्ट, पण शॉर्ट्स विकणाऱ्याने सांगितली नाही, मी विचारली नाही, दोघंही लाजलो.

या पॅडला सायकलवाले शॅमी म्हणतात, तेही सांगतो कारण त्यात गंमत आहे. शॅमॉय हा युरोपातल्या डोंगरांत राहणारा बकरीसारखा प्राणी, त्याचं मऊ कातडं पूर्वी लोकरीच्या सायकलिंग चड्ड्यांना आतून लावायचे. मऊपणासाठी नव्हे, तर कातडी आणि लोकर यांच्यात घासाघीस होऊ नये म्हणून. ते धुतलं आणि वाळलं की पापडासारखं कडक व्हायचं, म्हणून त्याला क्रीम चोळायची पद्धत पडली. पुढे 1958 मध्ये लायक्राचा ताणला जाणारा धागा आला, लोकर गेली, कातड्याच्या जागी कृत्रिम कापड आणि फोम आला, पण शॅमी हे नाव राहिलं आणि क्रीमही राहिलं, फक्त ते आता चड्डीसाठी नाही तर आपल्या कातडीसाठी लावतात. सांगायचा मुद्दा, हे पॅड म्हणजे गादी नव्हतीच कधी. आधी घर्षण, मग घाम, आणि धक्क्यांचा नंबर त्यानंतर.

आता जाडीबद्दल. सीटवर आपण बसतो ते खालच्या दोन हाडांवर, बैठकीची हाडं म्हणू या. खोक्याचा जाड पुठ्ठा टणक खुर्चीवर ठेवा, त्यावर पाय थोडे उचलून पुढे वाकून बसा आणि उठा, पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील, त्यांच्या मधल्या बिंदूंमधलं अंतर मोजा. साधारण 10 ते 15 सेंटीमीटरच्या दरम्यान कुठेतरी येतं, बायकांचं सरासरीने जरा जास्त. पॅडमधला घट्ट फोम त्या दोन खळग्यांखाली यायला हवा, बाकी ठिकाणी तो जितका कमी तितकं बरं. मऊ आणि जाड फोमचं काय होतं, तर हाडं त्यात पार तळापर्यंत रुततात आणि मधला भाग, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तिथे तो फोम वर फुगून दाबत बसतो. मग मुंग्या येतात, बधीर होतं. बधीर होणं म्हणजे सवय होतेय असं समजून पुढे रेटणारे लोक मी पाहिलेत, अजिबात असं करू नका, उतरा, सीट बघा, आणि वारंवार होत असेल तर डॉक्टरकडे जा, जावई असला तरी.

दुकानात हातात घेऊन बघायची माझी पद्धत अशी. पॅड हाडं टेकतात त्या जागी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबायचं. स्पंजासारखं दबून बोटं जवळजवळ एकमेकांना भेटली, तर ते पॅड तासाभरात संपणार. दाबल्यावर विरोध करायला हवं आणि सोडल्यावर झटकन वर यायला हवं. काही कंपन्या फोमची घनता लिहितात, 80, 100, 120 असे आकडे असतात, किलो प्रति घनमीटर, लांब बसून चढायचं असेल तर मोठ्या आकड्याकडे जायचं. आणि घालून बघाल तेव्हा आरशासमोर ताठ उभे राहू नका, उभं राहिलं की कुठलीही पॅडवाली शॉर्ट्स बाळाच्या लंगोटासारखीच वाटते. हँडल धरल्यासारखं पुढे वाका, एक पाय उचला, उकिडवे बसा. त्या पोझमध्ये पॅड अंगाबरोबर हललं पाहिजे, एकही चुणी पडता कामा नये. सैल घेऊ नका, सैल पॅड म्हणजे सरकणारं पॅड आणि सरकणारं पॅड म्हणजे सँडपेपर.

लेखात आणखी एक घोळ होता, त्यात रोडवाल्यांची चड्डी आणि डोंगरातली चड्डी एकच धरली होती. रोडवर माणूस तासन्‌तास एकाच जागी बसून पेडल मारतो. ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेवर, चढाला बसतो, खडकाळ तुकडा आला की उभा राहतो, उतारावर तर सीट खाली करून ढुंगण मागच्या चाकावर न्यावं लागतं. म्हणजे आपण सतत सीटवरून उठत-बसत असतो, आणि रुंद जाड पॅड असलं की मागे जाताना ते सीटच्या टोकाला अडकतं, नेमकं तीव्र उतारावर, तेव्हाची धडधड मला विचारा. म्हणून इथे पॅड आटोपशीर हवं. नुसतं उतारच उतार करणारे, रोपवेसारख्या लिफ्टने वर जाऊन सायकलवर खाली येणारे, त्यातले कित्येक पॅड वापरतच नाहीत, ते बसतातच कुठे. उलट ई-बाइकवाले, म्हणजे मोटर लावलेल्या सायकलवाले, चढावर खूप बसतात, त्यांना लागतं.

बहुतेक माउंटन बायकर दोन थर घालतात, आत लायनर, म्हणजे जाळीदार आतली चड्डी ज्यात पॅड असतं, आणि वर सैल, दणकट बॅगी शॉर्ट्स. ही काही नुसती फॅशन नाही, झुडपं ओरबाडतात, पडल्यावर दगड लागतो, तिथे पातळ लायक्रा टराटरा फाटते. तरी क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या शर्यतीत लोक लायक्राच घालतात कारण तिथे वजन आणि वेळ महत्त्वाचा, आणि नुसत्या उताराच्या डाउनहिल शर्यतीत मात्र यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाने अंगाला चिकटणारे कपडे चालत नाहीत. आपल्याला दोन्हीशी घेणंदेणं नाही, पण लायनर वेगळा काढता येईल असं बघा. सोबत फुकट मिळालेला लायनर बहुतेक वेळा सगळ्यात टाकाऊ असतो, पॅड म्हणजे पातळ इस्त्री केलेला स्पंज, तो फेकून चांगला लायनर वेगळा घेतला तरी बाहेरची शॉर्ट्स चालते. बाहेरच्या शॉर्ट्समध्ये दोनच गोष्टी मी पाहतो, एक म्हणजे जांघेत कापड लोंबायला नको, सीटचं टोक त्यात घुसतं, आणि दुसरं, नीपॅड, म्हणजे गुडघ्याचं संरक्षक कवच, घालून बसल्यावर शॉर्ट्सची कड आणि नीपॅड यांच्यात उघडी मांडी राहायला नको. नीपॅड घरून घेऊन जा आणि घालूनच ट्राय करा, लोक बघतील, बघू दे.

खांद्यावरून पट्टे येणारी बिब घ्यायची की कमरेची, यावर भांडणं होतात. मला बिब आवडते, पोटावर इलॅस्टिक काचत नाही आणि पॅड जागचं हलत नाही. पण लघवीला जायचं म्हणजे आधी पाठीवरची बॅग उतरवा मग जर्सी काढा मग पट्टे, थंडीत तर नकोच वाटतं. बायकांची यात जास्त पंचाईत, म्हणून त्यांच्या बिबमध्ये मागून उघडणारी चेन किंवा हुक बघून घ्यावा. आणि नवऱ्याची जुनी चालेल हे ऐकू नका, बायकांच्या पॅडची रुंदी आणि आकार वेगळा असतो, मधोमध शिवण असलेलं पॅड तर कुणीच घेऊ नये.

एक खरं सांगायचं तर कितीही भारी शॉर्ट्स घ्या, सीट चुकीची असेल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सीट गरजेपेक्षा उंच असली की प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवी डुलते आणि तिथेच सगळं घासतं. पाठीमागून कुणाला तरी बघायला सांगा, डुलतेय का. टोक वर असेल तर समोरून दाबतं, फार खाली असेल तर सारखं पुढे घसरायला होतं. आणि ते जेलचं सीट कव्हर, जे लेखात सुचवलंय, ते जाड पॅडचंच भावंड, पुन्हा तीच फुगण्याची कथा आणि वर ते सरकतं ते वेगळं.

धुण्याचंही लिहायला हवं होतं. उलटी करून गार पाण्यात, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही कारण त्याचा थर बसतो आणि घाम शोषून बाहेर टाकायचं कापडाचं काम मंदावतं, ड्रायरही नाही, पॅडची बाजू वर ठेवून वाळत टाकायची. ही चड्डी दोरीवर लोकांसमोर वाळत घालायला मला सुरुवातीला लाज वाटायची म्हणून मी ती बाथरूममध्येच टांगायचो, तिथे ती धड वाळायची नाही, आणि अर्धवट ओली घातल्यामुळे झालेली गळवं मी वर सांगितलेल्या रेघेच्या खात्यात जमा धरली होती. राइडनंतर ओल्या शॉर्ट्समध्ये गप्पा मारत बसणंही तसंच, आधी बदला मग काय ते बोला.

पुढच्या वेळी असा लेख घ्याल तेव्हा फोटो एक कमी करा हवं तर, पण आत काही घालायचं नाही हे वाक्य स्पष्ट छापा. शब्द कसा छापायचा हा प्रश्न असेल तर 'चड्डी' असा छापा, माझी हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक