ढोल शेकणाऱ्या आजोबांचे अन बाकी सगळ्यांचे आभार

परवा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळ आमच्या खळ्यावर श्रीलंकेचे कलाकार नाचले अन आम्ही दंडारवाले (दंडार म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं लोकनाट्य) पण त्यांच्यासोबत नाचलो. हे ज्यांच्यामुळं झालं त्यांची नावंच विचारायची राहिली, म्हणून इथं लिहितो.

आधी ते दुपट्टावाले आजोबा. पाहुण्यांचा श्रीलंकेतल्या कँडी भागाचा ढोल, त्याले गेटा बेरय म्हणतात, धुक्यानं ढिला पडला, आवाजच निघेना, वाजवणारा पोरगा रडवेला झालता. आजोबांनी काही न बोलता तणीस पेटवलं अन ढोलाचं एकेक तोंड लांबूनच शेकलं, लहान लेकराले शेकतात तसं. दोघायले एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघंही चामड्याले कान लावून बसले होते. मले वाटते खरी देवाणघेवाण तिथंच झाली, नाच नंतर.

2012 मधे बंगळूरजवळच्या नृत्यग्रामच्या ओडिसी नर्तकी अन श्रीलंकेच्या चित्रसेना नृत्य कंपनीचे कँडीयन नर्तक एकत्र नाचले, तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्या झाडीपट्टीत असं का होऊ नये. तामिळनाडूतल्या धनुष्कोडीहून श्रीलंकेचं तलैमन्नार समुद्रातून फक्त 30 किलोमीटरच्या आसपास हो!

पहाटे थंडीत खळं सारवणाऱ्या मावश्यायहो, तुमच्यामुळं अनवाणी पायाले एक खडा टोचला नाही. लाइट गेली तेव्हा ट्रॅक्टरचे हेडलाइट लावून उभे राहिलेले भाऊ, तुमी डिझेलचे पैसेही घेतले नाही.

अन आजोबा, तो पोरगा जाताना तुमालेच शोधत होता जी. त्याच्या ढोलाचा जुना पट्टा तुमच्यासाठी देऊन गेला, माझ्याजवळ ठेवला आहे, या एकदा घरी.